म्हाळसा गेली, कळावे

१

म्हाळसाबाई वारल्या म्हणून पुण्याहून भेटायला आलेल्या पाहुणीला चहा म्हाळसाबाईंनीच करून दिला.

टिपणीस बाई भाड्याच्या गाडीतून राहू गावात उतरल्या तेव्हा अंगावर फिकी साडी होती आणि हातात झेंडूचा भलाथोरला हार. कोकरे यांच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. थोरल्या सुनेचा जुना फोन शेजारी धनगरी ओव्या गात होता. पायरीखाली एक तांबडं कुत्रं होतं. घरचं नसून घरच्यासारखं वागणारं. बाईंनी चपला काढल्या आणि आवाज खाली आणला.

"म्हाळसाआजींसाठी आले होते. फोटो कुठे ठेवलाय?"

"कुणाचा फोटू?"

"आजींचा. म्हाळसाआजींचा."

"म्या हाय की म्हाळसा," म्हातारी म्हणाली. "फोटू कशाला पायजे? बसा समोर."

टिपणीस बाई हार हातात धरूनच बसल्या. चहा पोटात गेल्यावर त्यांनी आपला फोन पुढे केला. थोरली सून प्रतिभा दारात उभी होती, तिने तो घेऊन मोठ्याने वाचला. मेल 'म्हाळसा घोंगडी' या दुकानाच्या नावाने आला होता:

संपत रविराजची आई म्हाळसा गेली आता ती नाही तिच्या नावाने कुणी काही लिहू नये हाड हाड तिचं बोलणं बंद झालं कळावे

"ते 'हाड' म्हणजे 'हार' असावं असं वाटलं मला," बाई ओशाळून म्हणाल्या. "दुःखात होतात चुका. दोनदा लिहिलंय, पण मी एकच आणला."

म्हाळसाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ह्ये समद्यांस्नी गेलं?"

"सगळ्यांना, आई." धाकटी सून सविता घरातून बाहेर आली. तिच्या दोन हातांत दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते. "यादीतल्या एकूण एक माणसाला. लोक रडतायत तिकडं. थंडीच्या सगळ्या ऑर्डरी थांबल्या."

सविताचा चेहरा पांढरा पडला होता. तो बघून प्रतिभाला गोड वाटलं. तिची तिलाच लाज वाटली, पण गोड लागायचं ते लागलंच.

म्हाळसाबाईंनी हार मागून घेतला. "आणलाय तर द्या. देवाला घालते. वाया कशाला घालवायचा."

तेवढ्यात सविताने शिरूरला हौसराव सरांना फोन लावला. दुकानाचे सगळे मेल त्यांच्या ऑफिसातून सुटायचे. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पुढचं वाक्य ओट्यावर सगळ्यांनी ऐकलं.

"मॅडम, इथं क्लिअर दिसतंय. हा मेल प्रतिभा कोकरे यांच्या खात्यावरून आलाय."

२

या दोन जावांचं काय होतं ते सांगायला हवं.

घोंगड्यांचा धंदा मुळात प्रतिभाने सुरू केला. सासरच्यांची मेंढरं कधीच गेली होती, घरची शेती बागायती झाली होती, पण लोकर कुणाची चांगली आणि विणकर कुठला इमानी, हे म्हाळसाबाईंना पाठ होतं. प्रतिभाने फोटो काढून इंटरनेटवर टाकले आणि लोकांची पत्रं यायला लागली. घोंगडी टोचते का, वास जातो का, कंबर धरते त्यावर चालेल का. दुपारी भांडी झाली की ती सासूजवळ बसायची. एकेक मेल वाचून दाखवायची. म्हाळसाबाई सांगतील ते लिहायची. टिपणीस बाईंच्या गुडघ्याला किती ऊन द्यावं आणि काय बांधावं, हे सगळं अशाच दुपारी लिहून गेलं. शेवटी प्रतिभा नेमाने लिहायची: कळावे. म्हाळसाबाई रखमाजी कोकरे.

मग सविता आली. शिरूरच्या कॉलेजातून शिकून, हौसराव सरांचा डिजिटल कोर्स करून. तिने पहिल्याच महिन्यात हिशेब मांडला की एकेकाला लिहीत बसणं म्हणजे घागर वाटीने भरणं. एक प्रोग्रॅम घेतला, बटण दाबलं की यादीतल्या सगळ्यांना एकदम पत्र. पत्राखाली सही: तुमची लाडकी म्हाळसाआजी. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सविता मोठी आणि म्हाळसाबाई कोपऱ्यात, सोयाबीनच्या जाहिरातीत बियाण्याची पिशवी असते तेवढ्या.

प्रतिभा त्या फ्लेक्सखालून रोज भाजीला जायची. वर बघायचं नाही असं ठरवायची आणि रोज बघायची.

३

"ताई, मी तोंडावर बोलते," सविता म्हणाली. पाहुणी गेल्यावर ओव्यासुद्धा कुणीतरी बंद केल्या होत्या. "तुमच्या खात्यावरून मेल. शेवटी 'कळावे'. आजकाल कळावे कोण लिहितं? तुमच्याशिवाय कोण?"

"मी लिहिला न्हाई."

"मला पाण्यात बघता तुम्ही. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मेल पाठवल्याचं वाक्य खोटं होतं, पण हे पाण्यात बघण्याचं खरं होतं. माणसाने खरं वाक्य आधी खोडावं की खोटं, हे ठरेपर्यंत उशीर झाला.

धाकटा दीर रविराज भिंतीला टेकून उभा होता. "वहिनी, चुकून झालं असंल तर सांगून टाका."

"चुकून माणूस मारतात का, भाऊजी?"

"मग मी सांगते," सविता म्हणाली. "थोरल्या भावजींना सुट्टी असंल त्या दिवशी आबांसमोर बसू. चूल वेगळी करा. एक तर ताई वरच्या खोलीत, न्हाईतर आम्ही दौंडला खोली घेतो. एका छताखाली न्हाई."

प्रतिभाने सासूकडे बघितलं. म्हाळसाबाई देवासमोर हार नीट करत होत्या. पाठ इकडे होती. आबा, म्हणजे सासरे, बाजेवर पडून होते. त्यांना हल्ली कमी ऐकू यायचं आणि त्याचा त्यांना फार त्रास होत नसे.

रात्री प्रतिभाने नवऱ्याला सांगितलं. संपत कोरेगाव भीमाच्या कारखान्यातून थकून आलेला. तो म्हणाला, "तू केलं असशील तरी मी तुझ्या बाजूनं हाय."

सगळ्यात जास्त ते लागलं. वेगळी चूल मांडली तर म्हाळसाबाई सविताकडे राहणार, कारण नाव त्यांचं आणि दुकान तिचं. सासूजवळ बसायच्या त्या दुपारी परत येतील अशी प्रतिभाने अजून आशा धरली होती. कुणाला सांगितली नव्हती, एवढंच.

सकाळी तिने पर्स काढली आणि न्हावऱ्यामार्गे शिरूरची गाडी धरली.

४

हौसराव सरांचं ऑफिस स्टँडजवळ, मिठाईच्या दुकानावर. खुर्चीमागे 'एक क्लिक, लाखो ग्राहक' असं लिहिलेलं. सरांना दोन दिवसांत झोप नसावी.

"वहिनी, आमच्याकडून डेटा एकदम सेफ होता," ती बसायच्या आधीच ते म्हणाले.

"मी काही म्हटलंच न्हाई अजून. माझ्या खात्यावरून आला म्हणजे कसा आला, तेवढं सांगा."

सरांनी सांगितलं ते असं. सविता मॅडम कधी शेतात असतात, कधी विणकरांकडे. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर कुठून आणायचा? म्हणून सरांनी सोय करून दिली होती. दुकानाचा मेल घरच्यांच्या खात्यांवरही जायचा. त्या खात्यांवरून त्याला नुसतं उत्तर दिलं, तरी ते उत्तर आपोआप सगळ्या यादीला जायचं. घरची खाती तीन: सविता, रविराज, प्रतिभा.

"म्हंजी भोंग्याचा माईक ओट्यावर चालू ठेवल्यासारखं."

"तसंच म्हणा."

"आन् एकदा गेलेलं परत बोलवता येतं?"

"नाही ना. तोच ड्रॉबॅक आहे." सर जरा मोकळे झाले. "खरं सांगू का, ड्रॉबॅक लई आहेत. मॅडमना बोलू नका. अर्धे मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडतात. म्हणून आपण जास्त पाठवतो. जास्त पाठवले की आणखी पडतात. यादीतली निम्मी माणसं आम्ही बाहेरून विकत घेतलेली, त्यांना घोंगडी म्हणजे काय तेच ठाऊक नाही. मधी एक महिना तर नावाची जागा भरायचीच राहिली. सगळ्यांना 'प्रिय नाव' असाच मेल जायचा."

"कुणी काही बोललं न्हाई?"

"वाचलं तर बोलतील." सरांनी चष्मा पुसला. "वर्षभरात सगळ्यांनी उघडलेला मेल हा एकच, वहिनी. मयतीचा. आणि आता लोकांनी तक्रारी केल्यात, कंपनी खातं बंद करणार. मी हातापाया पडून एक खुलासा पाठवायची परवानगी काढलीय. एकच."

"विकत घेता, तशी आमची यादी कुणाला विकली?"

सर खिडकीकडे बघायला लागले. "दौंडच्या सुषमा मॅडमना. पण त्यांचं मशीनचं ब्लँकेट आहे, कॉम्पिटिशन तसं नाही."

प्रतिभा उठली. सविताची मैत्रीण सुषमा. लग्नात करवलीसारखी मिरवलेली, घरच्यासारखी येणारी, कुणाचाही फोन उचलून फोटो बघणारी.

५

सुषमाचं दुकान दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर. प्रतिभाला बघून तिने स्टूल पुढे केलं आणि आपणहून विषय काढला.

"माझ्यावर डाउट घेऊन आलात ना, ताई? घ्या. मलाही सविताचं बघवत न्हाई, मी कशाला खोटं बोलू. तिच्या म्हाळसाआजीला लोक मेल्यावर हार आणतात. माझ्या दुकानाचं नाव 'उबदार'. उबदार मेलं म्हणून कोण रडणार?"

"मग तू आमच्या घरी कवा आली होतीस शेवटची?"

"पोळ्याला. त्यानंतर सविताने बोलवलंच न्हाई. यादीचं कळलं तिला." सुषमाचा आवाज पडला. "मेल करते ती मला. तुमची लाडकी म्हाळसाआजी म्हणून. मैत्रिणीला, ताई. यादीतल्या सगळ्यांसारखा."

तेवढ्यात तिला कुणाला तरी निरोप द्यायचा आठवला. तिने फोन तोंडाजवळ धरला, माईकचं बटण दाबलं आणि बोलायला लागली, "दादा तुमचा माल आलाय उद्या सकाळी..." दारात एक गिऱ्हाईक आलं. "बसा की," सुषमा त्याला म्हणाली आणि निरोप पुरा केला. मग स्क्रीनकडे बघून कपाळाला हात लावला. "बघा. हे पण लिहिलं मेल्यानं."

प्रतिभाने वाकून बघितलं. दादा तुमचा माल आलाय उद्या सकाळी बसा की घेऊन जा.

ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम.

ती स्टुलावरून उठली ती पर्स विसरूनच निघाली. सुषमाला मागे पळावं लागलं.

६

परतीच्या गाडीत प्रतिभाने एकेक गोष्ट मांडली, गहू निवडावेत तशी.

तो मेल कुणी लिहिलाच नव्हता. तो बोललेला होता. 'हार'चं चुकून 'हाड' झालं नव्हतं. बोलता बोलता कुणीतरी कुत्र्याला हाकललं होतं. फोनने इमानाने तेही टिपलं. म्हणजे बोलणारं माणूस ओट्यावर बसलेलं होतं.

दुसरं. मयतीचा निरोप द्यायचा तर कुणीही म्हणेल, म्हाळसाबाई रखमाजी कोकरे. सविता म्हणेल, रविराज म्हणेल, हौसराव सर तर छापूनच आणतील. आणि प्रतिभाने ते नाव इतक्या वेळा लिहिलं होतं की झोपेतही लिहिलं असतं. या मेलमध्ये मात्र संपत होता, रविराज होता, रखमाजी नव्हते. साऱ्या घरात एकच माणूस असं होतं की जे लग्नापासून ते नाव तोंडातून काढत नव्हतं. जुन्या दुपारीसुद्धा पत्र संपलं की ते माणूस म्हणायचं, "खाली त्यांचं नाव तूच घाल." फोन तेवढं स्वतःहून घालत नाही.

तिसरं. प्रतिभाने नवा फोन घेतला तेव्हा जुना सासूला दिला. ओव्या ऐकायला. त्यातलं आपलं मेलचं खातं काढायचं ती विसरली होती.

आणि पाहुणीने बातमी सांगितली तेव्हा म्हाळसाबाईंनी "कुणी लिवलं" असं विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, "समद्यांस्नी गेलं?"

कुणाच्या मनात आलं नाही, कारण म्हाळसाबाईंना लिहिता येत नाही. शिवाय त्या 'न्हाई' म्हणतात आणि मेलमध्ये 'नाही' होतं. फोन तेवढा शिकलेला. त्याने सासूबाईंना परस्पर शहरी करून टाकलं होतं.

प्रतिभा घरी पोचली तेव्हा ओट्यावर म्हातारी एकटीच होती. प्रतिभा शेजारी बसली, सुपातल्या शेंगा ओढून घेतल्या.

"आत्याबाई, तुम्ही का गेलात?"

म्हाळसाबाईंनी जुना फोन पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "म्या कुठं गेले. तिला घालवली."

"कुणाला?"

"त्या फोनातलीला. रविराजनं फोन बोलता करून दिलाय, रोज सकाळी ती माझ्याच उशाला येऊन बोलती. 'मी तुमची लाडकी म्हाळसाआजी.' माझ्यापरीस गोड. म्या कवा कुणाला लाडकी म्हनले? टिपणीस बाईचा गुडघा कसा हाय, तिनं एकदा इचारलं न्हाई. आन् मला काय म्हनती? प्रिय नाव." त्यांनी शेंग फोडली, दाणे तसेच सुपात टाकले. "माझ्या नावानं ती हजार जणांशी बोलती आन् मला पोरी, पानी पायजे का म्हनून इचारायला कुणी न्हाई. तू बी यायची बंद झालीस."

"मला वाटलं तुम्हाला आता सविता आवडते."

"मला वाटलं तुला नवा फोन आवडतो."

प्रतिभाने सूप दोघींच्या मध्ये ठेवलं.

"खालचं बटान दाबलं आन् सांगून टाकलं, म्हाळसा गेली, आता ती न्हाई. ते कुत्रं मधीच आलं. बोलून झाल्यावर तू दाबायचीस तो बाण दाबला. मला काय ठावं तिच्या पोटात समदं गाव बसलंय." म्हाळसाबाईंनी घराकडे बघून आवाज खाली आणला. "सविताला कळलं तर लई लागंल तिला. पोरगी वाईट न्हाई. आन् ह्या वयात मला हसतील समदे."

"मी सांगणार न्हाई," प्रतिभा म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की याचा अर्थ वरच्या खोलीत वेगळी चूल.

७

संपतच्या सुट्टीच्या दिवशी सगळे ओट्यावर बसले. आबा बाजेवर. सविताने डोळे पुसून सुरुवात केली.

"ताई शिरूरला जाऊन आल्या, दौंडला जाऊन आल्या. एवढी चौकशी केली. मग सांगा ना कुणी पाठवला मेल."

प्रतिभाने सांगायला तोंड उघडलं. हाड, बसा की, रखमाजी, सगळं जिभेवर ओळीने उभं होतं. एवढं बिनचूक तिला आयुष्यात काही जमलं नव्हतं, आणि सविताच्या तोंडावर ते मांडायचं सुख तर वेगळंच. तिने सासूकडे बघितलं. तोंड मिटलं.

"माझ्या खात्यावरून गेला," ती म्हणाली. "ते खरं हाय."

"म्हंजी तुम्हीच."

"चूल कुठं मांडायची ते सांगा."

संपतने मान खाली घातली. रविराजने बायकोकडे बघितलं. सविता जिंकली होती, पण तिला ते हातात धरता येईना असं दिसलं.

"बस झालं," म्हाळसाबाई म्हणाल्या. "म्या केलं. फोनात बोलले. चूल मांडायची तर माझी मांडा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ती फोनातली बाई, प्रिय नाव, कुत्रं. रविराजला मध्येच हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. सविता मात्र हसली नाही. ती ऐकत गेली, तसतसा तिचा पदर बोटाला गुंडाळला गेला.

"आई, मला वाटलं तुमचं नाव मोठं होतंय."

"नाव झालं की मोठं. म्या ऱ्हायले हितंच."

सविता प्रतिभाकडे वळली. "आन् तुम्ही का न्हाई बोललात? तुम्हाला कळलं होतं."

"तुला लागंल म्हणून न्हाई गप्प बसले," प्रतिभा म्हणाली. "उगाच चांगलं समजू नको."

"ते मला म्हाईत हाय," सविता म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडाचा कोपरा हलला.

उरला खुलासा. एकच मेल, परत बोलवता न येणारा. सविता कॉम्प्युटर उघडायला निघाली, पण प्रतिभाने जुना फोन सासूपुढे धरला. "यांनाच बोलू द्या. गेलेलं माणूस दुसऱ्यानं जिवंत हाय म्हटलं तर कोण विश्वास ठेवील?"

सविताने क्षणभर विचार केला आणि माईकचं बटण स्वतः दाबलं.

म्हाळसाबाईंनी घसा साफ केला. "म्या हाय. जित्ती हाय. ती गोड बोलणारी गेली. ज्याला घोंगडीचं इचारायचं त्यानं इचारावं, माझी थोरली सून लिवंल आन् धाकटी धाडंल. इचारील त्यालाच उत्तर यील, समद्यांस्नी न्हाई. टिपणीस बाई, गुडघ्याला ऊन ऱ्हाऊ द्या. कळावे." त्या थांबल्या. सवयीने प्रतिभाकडे बघितलं, खाली त्यांचं नाव तूच घाल म्हणून.

प्रतिभाने मान हलवली. "तुम्हीच घाला, आत्याबाई. न्हाईतर परत कुणीतरी दुसरीच वाटंल."

म्हाळसाबाई लाजल्या. सुनांनी त्यांना लाजताना कधी बघितलं नव्हतं. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या फोनशी अगदी हळू बोलल्या,

"काळ्या घोंगडीला चिंचोक्याची खळ, रखमाजींचं नाव घेते, अजून अंगात हाय बळ."

बाजेवर हालचाल झाली. शेजारी बोललेलं ज्यांना ऐकू यायचं नाही, ते आबा कोपरावर उठून बसले होते.

"कुणी हाक मारली?"

कुणी उत्तर द्यायच्या आत तांबडं कुत्रं पायरी चढून सुपापाशी आलं. "हाड," म्हाळसाबाई म्हणाल्या. फोनने तेही लिहून घेतलं.

सविताचं बोट ते पुसायला पुढे गेलं. प्रतिभाने तिचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यावरूनच ओळखतील."